आईच्या वजनाची खवणी

फळी कापताना ती ज्याच्यावर ठेवली आहे ते कापायचं नसतं, हे मला डायनिंग टेबलाचा कोपरा खाली पडला तेव्हा कळलं. फळी सागवानी, जोगेश्वरीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आणलेल्या दाराची. टेबल सनमायकाचं. करवतीने दोघांत भेदभाव केला नाही. बायको स्वयंपाकघरातून आली, कोपरा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी बोटं मोज."

दहा भरली.

हा सगळा खटाटोप आईसाठी. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर बसायचं नाही. म्हणजे खवणीवर बसायचं नाही. आम्ही कोकणातले, नारळ पडल्याशिवाय आमच्याकडे भाजीला भाजी म्हणत नाहीत, आणि बोरिवलीच्या या घरातला प्रत्येक नारळ आजवर आईनेच खवलेला. आता फ्रीजमध्ये खोबऱ्याची तयार पाकिटं आली आणि आई स्वतःच्या घरात पाहुणी झाली. हाक मारली की यायची, चार घास खायची, गॅलरीत जाऊन बसायची.

खाली बसून चालत नसेल तर खवणीनेच वर यावं, असं मी ठरवलं. खुर्चीइतकं उंच बाकडं, चार पाय, एका टोकाला जुन्या खवणीचं पातं, समोर ताटासाठी स्टूल. यंत्र नाही, खिळा नाही, सगळं हाताने. का, तर मोबाईलवर एक म्हातारा सुतार तसं करतो म्हणून. तो रंधा मारतो तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते. माझ्या रंध्यातून थालीपिठाचे तुकडे निघायचे. पण चौथ्या रविवारी, पटाशीने पाडलेल्या भोकात शेवटचा पाय असा घट्ट बसला की मी गॅलरीत एकटाच टाळ्या वाजवल्या. खालून वॉचमनने वर पाहिलं.

पाय मी जरा आत घेतले होते. दिसायला झकास. स्वतः बसून अर्धा नारळ खवूनही पाहिला. बाकडं जागचं हललं नाही.

आईने सगळीकडून न्याहाळलं. "ह्या काय रे मेल्या? खवणी की घोडो?"

"बस तर आधी!"

ती बसली, नारळाची वाटी पात्यावर टेकवली, जोर दिला, आणि बाकड्याचे मागचे पाय उचलले गेले. मी आईला धरलं, बायकोने नारळ धरला. नव्या गुडघ्यांना पडणं परवडणार नव्हतं. मी बसलो तेव्हा बाकडं मुकाट बसलं, कारण मी पंच्याऐंशी किलो. आई त्याच्या निम्मी.

"राहू दे, आई. मोडून टाकतो."

"मोडतंस कित्याक?" आई उठली नव्हती. दोन्ही हातांनी फळी धरून ती खाली वाकून बघत होती. "पुढले पाय पुढे घे. पात्याच्या बुडाखाली. जोर थंय पडता ना!"

तिने आयुष्यात करवत धरली नव्हती, पण खवणीवर साठ वर्षं बसली होती. पुढचे दोन रविवार ती गॅलरीत खुर्ची टाकून माझ्या समोर बसली. "वाकडा जाता." "हळू रे." "तुझो तो मोबाईल ठेव बाजूक." मी नवी भोकं पाडली. जुनी तशीच राहिली. त्यातून आता आमची फरशी दिसते.

मग एका रविवारी सकाळी ती पुन्हा बसली. आम्ही दोघं दोन बाजूंना हात पसरून, कबड्डीतल्यासारखे उभे. खर्र, खर्र. बाकडं हललं नाही. तिचं मनगट जुन्याच सवयीने वळत होतं, करवंटीचा तपकिरी कण लागायच्या आत. एक नारळ झाला. "दुसरो आण." दुसरा झाला. तिसराही झाला. एवढ्या खोबऱ्याचं काय करायचं हे कुणी विचारलं नाही. बायको डबे शोधत पळत होती आणि मी येताजाता ताटातलं खोबरं तोंडात टाकत होतो.

"हात काढ!" आईने करवंटीनेच माझ्या हातावर टोला दिला.

दुपारी सगळे पोटभर जेवलो. आई आडवी झाली. भांडी आवरता आवरता बायको हळूच म्हणाली, "ऐकलंस ना मघाशी? माझ्या सोलकढीला नावं ठेवली त्यांनी. मिरची जास्त, आमसुलं कमी. बऱ्या झाल्या रे आई."