माळावरचा शिधा

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना भाद्रपदातला आमच्याकडचा माळ पाहायचा होता. माझ्याआधी घरात कुणी इंग्रजी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यामुळे पोराचे कॉलेजातले शिक्षक येणार ही घरी मोठी गोष्ट झाली. आईला मात्र एकच घोर लागला. ब्राह्मणाला आमच्या हातचं शिजवलेलं चालायचं नाही, आणि पाहुणा आमच्या शिवारातून उपाशी जाता कामा नये. तिने रीतीप्रमाणे कोरडा शिधा बांधला: तांदूळ, डाळ, तूप, गूळ, वर एक कोरं मडकं आणि काडेपेटी. दुसऱ्या फडक्यात वडलांची आणि माझी भाकरी. सरांनी आमची भाकरी खावी असं मला फार वाटत होतं. ते मी आईलाही बोललो नाही.

दौंडहून येणाऱ्या छोट्या गाडीने सर सकाळी बारामतीला उतरले. वडील आणि मी स्टेशनावर होतो. तिथून इंदापूरच्या अंगाला चालत निघालो. पाटाच्या पाण्याचा ऊस मागे पडला आणि माळ लागला. गवत गुडघ्याएवढं झालं होतं. बांधावर तरवड पिवळा फुलला होता, मध्येमध्ये कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे होते. एक चंडोल गात गात सरळ वर चढला आणि दगड पडावा तसा खाली आला. बोरीच्या जाळीत कळलावी चढली होती. तिच्या कळ्या खाली माना घातलेल्या, पण उमललेल्या पाकळ्या वर उलटलेल्या, लाल-पिवळ्या. सर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. धोतराला कुसळं लागली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मला लॅटिन नाव सांगून त्यांनी वडलांना विचारलं, "तुम्ही काय म्हणता हिला?"

"कळलावी. बाया घरात आणू देत न्हाईत. भांडणं लागत्यात म्हनं."

"मग नेतोच. आमच्या घरात तशीही शांतता नाही."

वडील मोठ्याने हसले. मग मास्तरांपुढे हसलो असं वाटून एकदम गप्प झाले.

ऊन डोक्यावर आल्यावर आम्ही ओढ्याकाठी बाभळीखाली बसलो. वडलांनी शिध्याचं गाठोडं सरांपुढे सरकवलं. "तीन दगड मांडतो, काटक्या आणतो. तुमी निवांत रांधा."

सरांनी गाठ सोडली, मडक्यात डोकावून पाहिलं. "आबा, मला चहासुद्धा करता येत नाही हो."

वडील गोंधळले. आमच्याकडे येणारे भटजी स्वतः चूल मांडत. रांधता न येणारा ब्राह्मण त्यांनी पाहिला नसावा. "मग गूळ तरी खावा," ते म्हणाले.

सरांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. आमचं फडकं तसंच बांधलेलं होतं. भुकेल्या पाहुण्यापुढे आम्ही खाणार कसे? आणि विचारलं, तर त्यांना तोंडावर नाही म्हणावं लागणार. मी गाठीवर हात ठेवून बसून राहिलो. शेवटी गाठ सैल केली.

"सर, भाकरी आहे. बाजरीची."

सरांनी धोतराला लागलेली दोन-तीन कुसळं उपटून टाकली. "बरोबर काय आहे?"

"शेंगदाण्याची चटणी. कांदा."

त्यांनी हात पुढे केला.

वडील लगेच उठले. "पल्याड हरणं दिसत्यात. बघून येतो," म्हणत ते चढावर गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. तिथे खरंच चिंकारा होते. पण ते उधळून दिसेनासे झाले, तरी वडील तसेच उभे. उद्या गावात कुणी विचारलं, तर आपण पाहिलं नाही असं खरं सांगता यावं, एवढ्यासाठी असावं. सरांनी जेवून हात धुतले, तोवर ते वळले नाहीत.

संध्याकाळच्या गाडीने सर कळलावी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. घरी आईने गाठोडं सोडलं. मडकं कोरंच होतं. तिचा चेहरा उतरला.

"उपाशी गेलं?"

"मी हरणं बघत हुतो," वडील म्हणाले. "पोराला इचार."

मी भाकरीचं रिकामं फडकं तिच्या हातात दिलं. तिने ते झटकलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"चटणी तिखट लागली का रं त्यास्नी?"

"डोळ्यांत पाणी आलं."

"मग गूळ द्यायचा की!" आई म्हणाली. "संगट बांधून दिलाय, आन् तुमाला सुचंना व्हय?"