लिंबामागची पाळ

देवपुरात माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, घर उतारावर होतं. सभा नि पत्रकं यांच्या धावपळीत मी तिच्याकडेच राहायचो. परसात एक कागदी लिंबाचं झाड होतं. माहेराहून, रावेरहून, रोप मांडीवर घेऊन तिनं ते आणलेलं. दर पावसाळ्यात माती खाली वाहून जायची. आता मुळं उघडी पडली होती. अजून एक पावसाळा, की झाड आडवं.

अक्कानं पदर खोचला, काळे दगड गोळा केले आणि झाडाच्या खालच्या अंगाला दोरी ताणली. गुडघाभर उंचीची पाळ रचायची, एवढंच. लगेच गल्लीतून आवाज आला, "गवंडी मेले का समदे?" बाईनं दगड उचलला की यांच्या मर्दानगीला तडा जातो! मी उत्तर द्यायला निघालो.

"तुझं भाषण सभेत. इथं दगड उचल," अक्का म्हणाली.

एवढ्यात खालच्या मोकळ्या जागेचे मालक आबा आले. मूळचे धरणगावकडचे शेतकरी. दोरी आणि दगड एका ओळीत दिसले, की शेतकऱ्याला एकच गोष्ट दिसते: शेजाऱ्यानं बांध सरकवला!

"काय वं अक्का, मन्ही जागामा बांध घाली राह्यनी का?" म्हणत ते सरळ दगडांच्या ढिगावर बसले. उठेनात.

माझं डोकं फिरलं. जमीन म्हणजे यांचा देव, शेजारी गेला खड्ड्यात! उद्याच्या पत्रकाचा मथळासुद्धा मनात तयार झाला.

अक्कानं दोरीचं टोक आबांच्या हातात दिलं. "बांध नाही आबा, मातीला टेकू आहे. हद्द तुम्हीच धरा. तुम्ही म्हणाल तिथं पहिला दगड."

आबा उठले आणि त्यांनी दोरी चांगली वर, आमच्या अंगाला ओढली. अक्का भांडली नाही, गोडही बोलली नाही. दोरीखाली हातानं माती उकरली. लिंबाची दोन जाड मुळं वर आली.

"पाया इथं खणला तर ही तुटतील. कुऱ्हाड देऊ?"

आबांनी वाकून मुळांवरची माती अंगठ्यानं पुसली. जन्मभर झाडं लावलेला माणूस. शेवटी पुटपुटले, "झाडले काय हद्द समजस?" आणि दोरी खाली सरकवली, चक्क स्वतःच्या जागेत हातभर.

मला बाजू घेता येते, माणसं जिंकता येत नाहीत. अक्कानं ते मातीत हात घालून केलं.

मग मोठे दगड तळाला, प्रत्येक थर जरा मातीकडे कललेला, मागे मुरूम. चुना नाहीच. पाणी फटींतून जायला हवं.

श्रावणात झड लागली. डोक्यावर पोतं घेऊन आबा खालच्या अंगाला उभे होते. फटीतून येणारं पाणी त्यांनी ओंजळीत धरलं, निरखलं आणि ओरडले,

"अक्का, नितळ शे! माती बठ्ठी जागावर शे!"