वहिनीचा सत्कार

आमच्या येरमाळ्यात एखाद्या बाईला संत म्हटलं की समजावं, तिच्याकडून अजून बरंच काम करून घ्यायचं आहे. माझ्या थोरल्या वहिनीला सगळं गाव संत म्हणतं. चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेला आलेले नातलग, नातलगांचे शेजारी, शेजाऱ्यांचे ड्रायव्हर, सगळे आमच्याकडेच उतरतात. जाताना हात जोडून "साक्षात संत!" म्हणतात. आपलं ताट मात्र एकजणही उचलत नाही.

वहिनीचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. आणखी उशीर केलात तर चालणं बंद होईल, असंही बजावलं होतं. पहिली तारीख यात्रेत गेली, दुसरी पुतण्याच्या लग्नात. तिसरी मी स्वतः घेतली, सोलापुरात. मी तिथं शाळेत शिकवते. आणि नेमका त्याच दिवशी गावातल्या मंडळानं तिचा सत्कार ठेवला. आदर्श सून म्हणून!

"दादा, त्या दिवशी ऑपरेशन आहे वहिनीचं," मी फोनवर ओरडले.

"अगं, लोकं एवढ्या मायेनं करायलेत. न्हाय कसं म्हणावं?"

सकाळच्या एसटीनं मी पोचले तेव्हा सत्कारमूर्ती ओट्यापुढं उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या. पाहुण्यांना त्यांच्याच हातची पुरणपोळी हवी होती. चाळीस माणसांची! मी लाटणं हिसकावायला गेले.

"ऱ्हाऊ द्या वन्सं. तुमच्या पातळ होत न्हाईत."

हे खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले.

शामियान्यात तिला शाल पांघरून उभं केलं. वक्ता अर्धा तास बोलला. माऊलीनं इतक्या वर्षांत हूं की चूं केलं नाही, हे त्यानं चारदा सांगितलं. मागं खुर्ची होती, पण सत्कार चालू असताना बसायचं कसं? शेवटी तिला दोन शब्द बोलायला लावले.

"माझे गुडघे लई दुखायलेत," ती माईकवर म्हणाली. "आज ऑपरेशन होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "बगा, तरीबी आल्या!" माझ्या हातात काही असतं तर मी ते फेकून मारलं असतं.

घरी आल्याआल्या मी दादासमोरच दवाखान्यात फोन लावला आणि गुरुवारची तारीख घेतली. "मी रजा टाकते. स्वयंपाकपाणी मी बघेन. आणि यापुढं या घरात कुणी हिला संत म्हणालं, तर याद राख. गोड बोलून राबवून घ्यायचे धंदे आहेत हे!" दादा चपला घालून बाहेर निघून गेला.

वहिनी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती.

"वन्सं, पैल्यांदा तुमीच म्हणलात की."

"मी? कधी?"

"आत्या अंथरुणावर होत्या तवा." आत्या म्हणजे माझी आई, तिची सासू. "एका रविवारी तुमी आलात. म्या म्हणणार होते, आठ दिवस ऱ्हावा, माझ्या आईचं जास्त झालंय, माकणीला जाऊन येते. तुमी माझा हात धरलात. म्हणलात, वहिनी, तुमी म्हंजे संत. अन् पिशवी उचलली. मग कसं सांगावं?"

तो रविवार मला आठवेना. त्यानंतरचं आठवलं. त्याच आठवड्यात तिची आई गेली. मी माकणीला भेटायला गेले होते, आणि तिथं जमलेल्या बायकांना सांगत होते की तुमची लेक संत आहे.