युफोनियमचे अर्थ

बँडवाल्यांच्या घरात सून म्हणून गेलं की किस्से शोधावे लागत नाहीत. लोक चहा प्यायला येतात आणि जाताना एकेक विसरून जातात. माझं लग्न होऊन चारच महिने झालेत, तरी मोबाइलमधली नोट भरत आलीय.

*

माझे सासरे, बाबा, युफोनियम वाजवतात. लहान मुलाएवढं पितळी वाद्य, मुलासारखंच छातीशी धरायचं. नावाचा अर्थ मी मोबाइलवर शोधला. मूळ ग्रीक, ‘गोड आवाजाचं’. सासूबाई भाकरी थापत म्हणाल्या, “त्या ग्रीकाच्या घरी पहाटेपासून रियाज नसन!”

*

स्पेनमध्ये आणि इटलीतही त्यालाच ‘बोंबार्दिनो’ म्हणतात. बोंबार्दा म्हणजे जुनी तोफ. त्याच्याही मागे ग्रीकच शब्द आहे, मधमाशांच्या घूंऽऽचा. माझा नवरा म्हणाला, “ज्यानं बनवलं त्यानं गोड म्हटलं, ज्याच्या शेजारी वाजलं त्यानं तोफ.”

*

मग बाबांच्या छातीचा एक्स-रे निघाला. वाशिमचे डॉक्टर म्हणाले, फुंकणं बंद, नाहीतर फुप्फुस राहणार नाही. काय वाजवता, असं त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, “तोफ.” डॉक्टरांनी विचारलं, “मिलिटरीत होता का?”

*

पण पार्टीला, म्हणजे लग्नवाल्यांना, बँड पूर्ण लागतो. म्हणून बाबा युनिफॉर्म घालून, वाद्य ओठांना लावून नुसते उभे राहतात. गाल फुगवतात, फुंकत नाहीत. शिरपूरला एक व्याही म्हणाला, “सगळ्यात भारी तर हे काका वाजोतात!” त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

*

गेल्या आठवड्यात इंझोरीला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. बँड आमचाच, मी वऱ्हाडात. वरातीच्या वाटेत रामदासकाकांचं घर लागलं. तीस वर्षं बाबांच्या शेजारी ढोल वाजवलेला माणूस, जाऊन आठच दिवस झालेले. दुखवट्याच्या घरापुढे बँड बंद करायची रीत, तसा सगळ्यांनी केला. नुसत्या चपला वाजत होत्या.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. “त्यायच्याच दारावरून मुके चालले काय, भाऊजी?”

बाबांनी वाद्य ओठांना लावलं. या वेळी गाल फुगले नाहीत, पोट आत गेलं. एक लांब सूर निघाला, फाटला, परत जुळला. नवरदेवाची घोडीसुद्धा हलली नाही.

मग बाबा ओट्यावर बसून खोकत राहिले. तोंड पुसलेला रुमाल त्यांनी माझ्याकडे दिला. तो लाल झाला होता. मी घडी करून पर्समध्ये टाकला.

घरी आलो तेव्हा सासूबाईंनी त्यांना काहीच विचारलं नाही. माझ्याकडे वळल्या.

“वाजोलं काय यायनं?”

“नाही,” मी म्हटलं.