पहिल्या फेरीत हरणारा माणूस

सायराचा बाप मोरा बंदराच्या लाँचवर खलाशी होता. लाँच कधी वेळेवर सुटायची नाही आणि वेळेवर पोचायची तर त्याहून नाही. तेव्हा या मुलीला वाट बघायची सवय असणार, असं पनवेलच्या मोहल्ल्यातल्या तिच्या सासरच्यांनी गृहीतच धरलं असावं, कारण लग्न झाल्यापासून तिला मुख्य काम नेमून दिलं ते हेच. नवरा मुश्ताक आखातात ड्रायव्हर. दोन वर्षांनी एकदा यायचा, घराला त्याची सवय होते न होते तोवर ब्लँकेटचं रिकामं खोकं मागे ठेवून परत जायचा. मग घरात सायरा, तिची शाळकरी लेक शाजिया आणि सासू जुलेखाबी.

जुलेखाबी जिभेने तिखट होती. सायराने केलेल्या मच्छीच्या कालवणाला तिने उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नाही, पण दुसऱ्यांदा वाढून मात्र घ्यायची. पहिली काही वर्षं सायरा उशीत तोंड खुपसून रडली. पुढे तिच्या लक्षात आलं, की या बाईलाही दुसरं कोणी नाही. जुलेखाबीचा नवरा बोटीवर होता आणि बोटीवरच वारला. त्याला कुठल्याशा बंदरात पुरलं. हिला इकडे तार आली. त्याचं शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, हे ती कधी बोलून दाखवायची नाही. फक्त मोहल्ल्यातून कोणाचा जनाजा निघाला, की खिडकी लावून घ्यायची.

त्या हिवाळ्यात जुलेखाबीच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी दोनदा काढलं, तिसऱ्यांदा सायराला बाजूला घेऊन म्हणाले, "आता घरीच ठेवा. खायला मागतील ते द्या." या वाक्याचा अर्थ पनवेलमध्ये शेंबड्या पोरालाही कळतो. जुलेखाबीला तर दारातूनच कळला. तिने खायला काही मागितलं नाही. "मुश्ताकला बोलाव," म्हणाली.

फोनसाठी सायराला एकच जागा होती, कृष्णकांतकाकांचा एसटीडी बूथ. कृष्णकांत वैद्य मुंबईतल्या एका कंपनीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. मोहल्ल्याच्या तोंडाशी, हमरस्त्यावर त्यांनी हा बूथ टाकला होता. काचेच्या खोलीत फोन, बाहेर टेबल, टेबलावर इंग्रजी पेपर. पेपरचं पहिलं पान ते गिऱ्हाइकांना द्यायचे आणि शेवटचं स्वतः वाचायचे, कारण त्यावर टेनिस असायचं. टेनिसवर त्यांचा भारी जीव. स्वतः रॅकेट कधी हातात धरली असेल तर देव जाणे! त्यातही त्यांना लहानांनी मोठ्यांना हरवलेलं आवडायचं. कुणी अनोळखी पोराने पहिल्याच फेरीत मानांकित खेळाडूला घरी पाठवलं, की काकांचा तो दिवस सणासारखा जायचा. जन्मभर साहेबांच्या सह्या घेत फिरलेल्या माणसाला एवढा आनंद माफ असावा.

तिथून सायराने त्याच्या ऑफिसात निरोप ठेवला आणि शनिवारी मुश्ताकचा फोन आला. आवाज रडवेला, पण आशेचा. त्याची कंपनी बड्या लोकांना गाड्या पुरवायची. तिथे टेनिसची मोठी स्पर्धा भरणार होती, म्हणून सगळ्या ड्रायव्हरांच्या रजा बंद आणि पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात. एका खेळाडूमागे एक गाडी, एक ड्रायव्हर. खेळाडू हरला, की ड्रायव्हर मोकळा. सुपरवायझर केरळचा होता, त्याला मुश्ताकची दया आली. त्याने शोधून शोधून मुश्ताकला असा खेळाडू दिला, की ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं आणि ज्याची पहिली मॅच थेट एक नंबरच्या खेळाडूशी होती.

"सोमवारी तो हारेल," मुश्ताक म्हणाला. "त्याला एअरपोर्टवर सोडायचा आन् तिकडनंच मी पण निघायचा. मंगळवारी मी घरात. अम्मीला सांग."

सायराने अम्मीला सांगितलं. जुलेखाबीने मंगळवारी अंगावर धुतलेली ओढणी मागून घेतली.

मंगळवारी सकाळी मुश्ताक आला नाही. सायरा धावत बूथवर गेली, तर काका पेपर हातात नाचवत उभे. "सायरा, अगं तुझ्या मुश्ताकच्या गावात काय अपसेट झालाय बघ! एक नंबरवाला पहिल्या फेरीत गारद! कुणाकडून, तर पात्रता फेरीतून आलेल्या क्वालिफायर पोराकडून! काय जिगर म्हणायची—" बोलता बोलता त्यांनी तिच्याकडे बघितलं. सायरा मटकन पायरीवर बसली होती.

"काका, ह्यो जिंकला तर मुश्ताक येत नाय," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं.

काकांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. इतकी वर्षं ज्या पोरांसाठी टाळ्या पिटल्या, त्यांतलंच एक असं कोणाच्या तरी शेवटच्या भेटीच्या आड येऊन उभं राहील, हे त्यांच्या टेनिसमध्ये कुठे नव्हतं. "हे बघ," ते म्हणाले, "असली पोरं एकदाच जिंकतात. दुसऱ्या दिवशी हातपाय गळतात. बुधवारी शंभर टक्के हरणार."

काकांचा शब्द म्हणून सायराने बुधवारपर्यंत श्वास धरला. त्या रात्रीच्या नमाजात तिने जी दुवा मागितली, ती ऐकून अल्लालाही नवल वाटलं असेल. मोहल्ल्यातल्या बायका नवऱ्याची बरकत मागतात, पोरांची तब्येत मागतात. ही मागत होती, की कुठल्या तरी मुलखातल्या, तोंडही न बघितलेल्या पोराचा पाय मुरगळू दे. जास्त नको, खेळता येणार नाही इतकाच. मागताना तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा राग आला.

बुधवारी तो पोरगा हरता हरता जिंकला. पेपरने गुरुवारी त्याचा फोटो छापला, दोन्ही हात वर केलेला. सायराने तो फोटो बघितला आणि तिच्या तोंडून अशी शिवी गेली, की काकांनी घाईघाईने आतल्या पंख्याचं बटण चालू केलं. थंडीत.

त्या संध्याकाळी मुश्ताकचा फोन आला, तेव्हा सायरा काचेच्या खोलीत ओरडलीच. "अवो, गाडी दुसऱ्या कुणाला द्या ना! सोडून या!"

"सुपरवायझर खुणेनं बोलला त्या पोराला, दुसरा ड्रायव्हर देतो. तो ऐकत नाय. मी गाडीत असल्यापासनं तो जिंकायला लागलाय. माझ्याकडं बोट करून 'लकी, लकी' करतोय, सायरा! माझ्या शेजारी बसतो आन् स्टीअरिंगला हात लावून मग उतरतो."

"मग सांगा त्याला, अम्मी मरायला टेकलीय!"

"सांगितला. त्याला इंग्रजी येत नाय, मला त्याची बोली येत नाय. 'मदर, मदर' केला, तर त्यानं पाकिटातनं त्याच्या आईचा फोटो काढला न् मलाच दावला." मुश्ताकचा आवाज फुटला. "असाच निघालो तर पासपोर्ट नाय. पासपोर्ट नाय तर विमान नाय. काय करू?"

फोन ठेवून ती घरी आली, तर जुलेखाबी जागी. डोळे दाराकडे लावलेले. आता तिला काय सांगायचं? आज येतोय, उद्या येतोय म्हणून दोन दिवस काढले होते. सायराला आणखी खोटं सुचेना, म्हणून तिने खरं सांगितलं. चेंडूचा खेळ, तो पोरगा, गाडी, फोटो, सगळं.

जुलेखाबीने दारावरची नजर काढून सायराकडे वळवली. मग म्हणाली, "कशी दिसते त्याची आई?"

"मला काय ठाव!"

"तू त्याच्यावर बद्दुवा घालतेस ना? तोंडावर दिसतोय तुझ्या. नको गो घालू. ती पण तिकडं बसली असेल पोराची वाट बघत." आणि तिने हात वर उचलून त्या पोराच्या आईसाठी दुवा मागितली.

सायराला संताप आला. मरणाऱ्या बाईवर संतापायचं नसतं, पण ती संतापली. जन्मभर माझ्या कालवणाला नावं ठेवलीस, आणि माया आली ती त्या कुठल्या मडमेची? ती चुलीपाशी गेली, भांडी आपटली, मग परत येऊन सासूच्या पायांना तेल लावत बसली.

शुक्रवारी दुपारी, पुरुष जुम्याच्या नमाजाला गेलेले असताना, जुलेखाबी गेली. दाराकडे बघत बघत गेली. डोळे सायराने मिटले.

तिकडे त्या पोराची उपांत्यपूर्व फेरीची मॅच अजून सुरू व्हायची होती. मुश्ताकचा चुलता गनीचाचा म्हणाला, "असरच्या नमाजापर्यंत थांबतो. मुश्ताक निघाल्याचा निरोप आला, तर सकाळपर्यंत ठेवू. नाय तर नाय. मय्यत कुणाच्या खेळापायी अडवून ठेवायची नसते." चूक तरी काय होतं त्यात? तो खेळाडू मॅच जिंकला, तर मुश्ताक आणखी दोन दिवस अडकणार होता. सायराने शाजियाला बूथवर पिटाळलं. काका मुश्ताकच्या ऑफिसचा नंबर फिरवत बसले होते, फिरवून फिरवून त्यांचं बोट सुजलं, पण तिकडे शुक्रवारची सुट्टी. कोणी फोन उचलत नव्हतं.

ऊन कललं, असरची नमाज झाली. मशिदीत जनाज्याची नमाज झाली. बायका घरात रडत बसल्या होत्या, सायराही बसली होती, आणि तेवढ्यात मोरीकडच्या दारात काका दिसले. धाप लागलेले, चष्मा घसरलेला. "त्याचा फोन आला होता. मी काही सांगितलं नाही. पाच मिनिटांनी कर म्हटलंय. चल!"

सायरा बोळातून अनवाणी धावली. ती काचेच्या खोलीत शिरली आणि घंटा वाजली.

"हारला!" मुश्ताक ओरडत होता. हसत होता. इतक्या वर्षांत फोनवर तो असा हसलेला तिने ऐकला नव्हता. "तो हारला, सायरा! लई लढला, पण हारला! मला मिठी मारली न् गेला. सुपरवायझरनं सुट्टीतनं येऊन कपाट उघडून पासपोर्ट दिला. रात्रीचं विमान हाय, उजाडता उजाडता, फजरला मी दारात. अम्मीला सांग, एक रात काढ फक्त!"

जे मागितलं होतं, ते सगळं मिळालं होतं. सायराला वाटलं, रिसीव्हर आपटावा, काच फोडावी, अल्लाला विचारावं, की द्यायचंच होतं तर सकाळी का नाही दिलंस?

"सायरा? ऐकतेस ना? अम्मी कशी हाय?"

बाहेर टेबलापाशी काका उठून उभे राहिले. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मशिदीकडच्या वळणावरून माणसं येत होती, खांदे बदलत, पुढे गनीचाचा. नमाज झालेला जनाजा आता मागे फिरणार नव्हता. तो कब्रस्तानच्या रस्त्याने, बूथवरूनच जाणार होता.

"तुमी बसलायत का उभे?" सायराने विचारलं.

"काय?"

"बसलायत का उभे?"

"स्टूल हाय हितं फोनपाशी. बसलोय. का?"

"उभे राहा," ती म्हणाली. "अम्मी चालल्यात. आत्ता. काकांच्या बूथसमोरनं."

पलीकडे स्टूल पडल्याचा आवाज आला. सायराने खांद्याने काचेचं दार ढकललं, वायर पुरेल तेवढा रिसीव्हर रस्त्याच्या दिशेने बाहेर धरला आणि कलमा म्हणत चाललेला शेवटचा माणूस दिसेनासा होईपर्यंत हात खाली घेतला नाही.