निलेशच्या चुका

जून १९९१, महिन्याचा पहिला सोमवार. फीचा दुसरा हप्ता, साडेचार हजार रुपये. हजर तिघं : मी, माझी बहीण सुमन आणि तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा निलेश. पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासचा जिना उतरताना, सुमन पुढे गेल्यावर, तो हळूच म्हणाला, "मामा, मला हे नको. प्रोग्राम लिहायला बसलो की डोकंच चालत नाही." मी म्हटलं, "पैसे भरलेत. आता पूर्ण कर."

निलेशला जाऊन सहा आठवडे झाले...

सुमनची उरणकडची जमीन बंदरात गेली होती. मोबदल्यातून ही फी. न्हावा शेव्याला कॉम्प्युटरवाल्यांना घेतात, असं मीच तिला सांगितलं होतं, आणि निलेशला माझ्या घरी ठेवून घेतलं होतं.

क्लासात मशीन आठवड्यातून दोनच तास मिळे. म्हणून मुलं प्रोग्राम वहीत उतरवून पाठ करत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी रोज संध्याकाळी मी वही धरायचो, तो घडाघडा म्हणायचा, चुकलेल्या ओळीला मी खूण करायचो.

"अहो, पोर आहे की पोपट?" माझी बायको म्हणायची.

"मामी, पोपटाला मिरची तरी मिळते," निलेश हसायचा.

प्रॅक्टिकलला अकरा दिवस उरले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, मळमळतंय. आज राहू दे." मागच्या परीक्षेला त्यानं पोटदुखीचं सोंग केलं होतं, नंतर कबूलही केलं होतं. मी वही उघडली. त्या दिवशी चार चुका. मग नऊ. मग चौदा... आवडीचं कोळंबीचं कालवण त्यानं ताटात तसंच ठेवलं. मी म्हटलं, "नाटकं पुरे."

प्रॅक्टिकल देऊन तो रिक्षातून आला. बायकोनं त्याला दारात उजेडाकडे वळवलं. डोळे हळदीसारखे पिवळे होते.

काविळीनं लिव्हर निकामी झालं होतं. हॉस्पिटलात चार दिवस.

तेराव्यानंतर सुमननं विचारलं, "त्याला शिकायचा नव्हता, ता तुला म्हायती व्हता?"

"हो. तीनदा म्हणाला."

"आनि बरा नाय, ता?"

"तेही."

तेव्हापासून ती आमच्याकडे आलेली नाही.

क्लासला एकूण नऊ हजार भरले. हॉस्पिटलला तीन हजार सातशे साठ. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचा दवाखाना आहे, तपासणीचे पंधरा रुपये घेतात. त्यांना काही दिलं नाही.