दत्ताच्या चालीची पालखी

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरकरवाड्याच्या बंदरावर बांगडे निवडत होतो, आणि खरं सांगतो, फोन खिशात टाकून पुन्हा बांगडेच निवडायला लागलो. कारण स्वतःच्या मरणाची बातमी या माणसाने याआधी दोनदा पसरवली होती. एकदा ग्रामसभा चुकवायला, एकदा कोण कोण रडतं ते बघायला. या वेळी मात्र खराच गेला... महिना झाला.

लहानपणीच्या पोलिओने त्याचा डावा पाय आखूड राहिला होता. मी वीतभर सांगतो, तो चार बोटं म्हणायचा. त्या पायाने तो आंब्याच्या कलमांवर चढला, डोहात पोहला, लग्न करून संसारालाही लागला. राहिलं होतं एकच : शिमग्यात ग्रामदेवीची पालखी खांद्यावर नाचवणं. मंडणगडकडच्या आमच्या गावात पुढे एक, मागे एक, दोघे समउंचीचे आणि धडधाकट, असा रिवाज. पालखीचा मान ठरवणारे गावकर अण्णा दरवर्षी नाही म्हणायचे. देवी पडली तर गावावर काय काय कोसळेल याची यादी त्यांना तोंडपाठ होती, आणि दरवर्षी तीत एखाद्या रोगाची भर पडायची. एका वर्षी दत्ताने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाला, "अण्णा, पडली तर आधी मी पडेन. ती माझ्या अंगावर पडेल. तिला लागायचं नाही."

अण्णांनी तोंडातली सुपारी थुंकली. मग म्हणाले, पाच पावलं. सहाव्याला पालखी खाली.

त्या पाच पावलांसाठी आम्ही खळ्यात सराव मांडला. खांद्यांवर शिडी, शिडीवर बांधलेली भरली कळशी, पुढे तो, मागे मी. पाणी असं सांडायचं की त्या वर्षी खळ्याखाली न पेरता पावटा आला. तो लंगडला की मी घाईने शिडी वर उचलून सरळ करायचो, आणि नेमकी तेव्हाच आंघोळ! आठव्या दिवशी निथळत निथळत तो वळला. "मेल्या, सावरू नको मला. माझ्यासारखा लंगड."

लंगडलो. थेंब सांडला नाही.

शिमग्यात सहाणेसमोर, पालखी बसते त्या चौथऱ्यासमोर, ढोल वाजला, आम्ही पालखी उचलली, अण्णा मोठ्याने मोजू लागले. लाटेवर होडी झुलावी तशी देवी झुलत होती. पाच झाली. अण्णा पुन्हा म्हणाले, "पाच." मग पुन्हा, "पाच." ढोलवाल्याचे हात सुजले, तरी अण्णांची मोजणी काही पुढे सरकेना...

पुढे वीसेक शिमगे आम्ही जोडीने नाचलो. दत्ताचं नाव झालं. तालुक्यातल्या एका शाळेने त्याला 'अपंगत्वावर मात' या विषयावर बोलायला बोलावलं, तर हा माणूस अर्धा तास माझ्यावरच बोलला. मुलांना म्हणाला, "खरी अडचण याची. दोन्ही पाय धड असून लंगडायला शिकला." टाळ्या मलाच पडल्या. मीही निर्लज्जासारखा उठून नमस्कार केला.

परवा यंदाच्या शिमग्यात पालखी त्याच्या अंगणात आली. त्याची बायको आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. पुढचा खांदा मुंबईहून आलेल्या त्याच्या पुतण्याचा, मागचा माझा. ढोल सुरू झाला आणि दुसऱ्याच पावलाला पालखी भलतीच हिंदकळली. पुतण्या घाबरून मागे बघत म्हणाला, "काका, पाय दुखतोय काय?"

म्हटलं, "नाही रे. तू सरळ चालतोयस."